चौथीच्या वळणावर अडलेल्या दोन भाषा : खोसा आणि इलोकानो

फिलिपिन्समध्ये संसदेने संमत केलेल्या विधेयकावर राष्ट्राध्यक्षांनी ठरावीक मुदतीत सही केली नाही आणि नकारही कळवला नाही, तर त्या विधेयकाचा आपोआप कायदा होतो. १० ऑक्टोबर २०२४ रोजी प्रजासत्ताक कायदा क्रमांक १२०२७ असाच अस्तित्वात आला. बालवर्गापासून तिसरीपर्यंतच्या मुलांना त्यांच्या मातृभाषेतून शिकवण्याचे बंधन या कायद्याने काढून टाकले आणि शिक्षणाचे माध्यम म्हणून फिलिपिनो (तागालोग भाषेवर आधारलेली राष्ट्रभाषा) व इंग्रजी या दोन भाषा पुन्हा स्थापित केल्या. ज्यांची सही त्यावर नाही ते राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस ज्युनियर यांचे घराणे लुझोन बेटाच्या उत्तरेकडील इलोकोस नोर्ते प्रांतातले, म्हणजे इलोकानो भाषेच्या मूळ मुलखातले आहे. यानंतर तीनच महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक वर्षापासून, दक्षिण आफ्रिकेने नेमके उलट दिशेने पाऊल टाकले. तिसरीनंतर सर्वस्वी इंग्रजीकडे वळण्याची जी रूढी तेथे पडली होती ती मोडून चौथीतील गणित आणि विज्ञान हे विषय मुलांच्या घरच्या भाषेतूनही शिकवण्याचे धोरण देशभर लागू करण्यास सुरुवात झाली. ईस्टर्न केप प्रांतातील बहुसंख्य मुलांच्या बाबतीत ही घरची भाषा म्हणजे खोसा, किंवा तिचे भाषक म्हणतात तशी इसिखोसा.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत असे मला वाटते. भाषेच्या प्रश्नाची आपल्याकडील आणि जगातील बहुतेक चर्चा दर्जाभोवती फिरते. भाषा राजभाषा आहे की नाही, संविधानात तिचे नाव आहे की नाही, याचा आग्रह धरला जातो आणि तो गैर नाही. परंतु खोसा आणि इलोकानो यांचा गेल्या शतकाचा इतिहास पाहिला तर भाषेचे भवितव्य या दर्जापेक्षा अधिक एका साध्या गोष्टीवर ठरते, असा निष्कर्ष निघतो : शाळेत ती भाषा कितव्या इयत्तेपर्यंत आणि कोणत्या विषयांसाठी वापरली जाते. तिसरीला जी भाषा थांबते ती, संविधानात तिचे स्थान कितीही वरचे असले तरी, पालकांच्या हिशेबात बालपणापुरतीच उरते. म्हणूनच फिलिपिन्सचा निर्णय मला चुकीचा वाटतो आणि दक्षिण आफ्रिकेचा निर्णय, फार उशिरा घेतलेला असला तरी, योग्य वाटतो.

या दोन भाषांमध्ये कुळाचे कोणतेही नाते नाही. खोसा ही बांटू कुळातील न्गुनी शाखेची भाषा असून झुलू ही तिची सख्खी बहीण आहे. इलोकानो ऑस्ट्रोनेशियन कुळातली, म्हणजे मलाय, हवाईयन आणि मादागास्करची मालागासी यांची दूरची नातलग आहे. खोसामध्ये डझनाहून अधिक नामवर्ग आहेत आणि नामाचा वर्ग बदलला की क्रियापदापासून विशेषणापर्यंत सर्वांचे उपसर्ग बदलतात. ‘उम्न्तु’ म्हणजे माणूस आणि ‘अबान्तु’ म्हणजे माणसे. शेकडो वर्षांच्या शेजारातून खोईखोई आणि सान या तेथील मूळ रहिवासी लोकांच्या भाषांतले जिभेचे चटकारे तिने आत्मसात केले. हळहळताना आपण जसे चुकचुकतो तसा एक, टाळूवरून जीभ सोडवून काढलेला दुसरा, आणि बैल हाकताना गालाच्या बाजूने काढतात तसा तिसरा. हे ध्वनी तेथे पूर्ण व्यंजने आहेत आणि खुद्द ‘खोसा’ या नावाचा आरंभ या तिसऱ्या ध्वनीने होतो, जो देवनागरीत लिहिता येत नाही. इलोकानोची खासियत तिच्या क्रियापदांत आहे. कर्त्यावर, कर्मावर की स्थळावर भर द्यायचा त्यानुसार क्रियापदाचे प्रत्यय बदलतात आणि वाक्याची सगळी मांडणी फिरते. मराठीतल्या ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांसारखा भेद तिच्यातही आहे आणि ‘आपण दोघे’ यासाठी तिसरे सर्वनामही आहे. खोसा समाजात विवाहित स्त्रीने सासऱ्याच्या नावात येणारी अक्षरेसुद्धा टाळून पर्यायी शब्द वापरण्याची ‘हलोनिफा’ नावाची रीत होती, हे वाचताना पतीचे नाव न घेणाऱ्या आपल्या आज्या आठवल्याशिवाय राहत नाहीत.

नाते नसतानाही दोघींची परिस्थिती तुलनेला योग्य आहे. दोन्ही भाषांचे भाषक ८० लाखांच्या आगेमागे किंवा त्याहून अधिक आहेत, दोन्ही मरणपंथाला लागलेल्या भाषा नाहीत, आणि दोघींनाही इंग्रजीबरोबर देशातल्या आणखी एका प्रबळ भाषेशी, खोसाला डचपासून निघालेल्या गोऱ्यांच्या आफ्रिकान्सशी आणि इलोकानोला तागालोगशी, सामना करावा लागला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या २०२२ च्या जनगणनेनुसार १६.३ टक्के लोकांच्या घरी खोसा बोलली जाते, तर इंग्रजी ८.७ टक्के घरांत. फिलिपिन्सच्या २०२० च्या जनगणनेत सुमारे ७ टक्के कुटुंबांनी घरची भाषा म्हणून इलोकानो नोंदवली आहे. मात्र उत्तर लुझोनमध्ये, कोर्दिलेरा पर्वतातील बागियो शहरात आणि कागायान खोऱ्यात ती वेगवेगळ्या भाषकांची परस्परांशी बोलण्याची भाषा असल्याने तिचा खरा वावर या आकड्याहून मोठा आहे.

या भाषांमध्ये आधुनिक शिक्षण पेलण्याची ताकद नाही, हा आक्षेप दोन्ही देशांत वारंवार घेतला जातो, म्हणून त्यांच्या लेखनपरंपरेकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. इलोकानोतील पहिले मुद्रित पुस्तक, फ्रान्सिस्को लोपेझ या मिशनऱ्याने सिद्ध केलेली ख्रिस्ती प्रश्नोत्तरी, १६२१ मध्ये निघाले. त्यात येशूची प्रार्थना स्थानिक लिपीतही छापलेली आहे आणि व्यंजनातील स्वर लोपल्याची खूण म्हणून तेथे क्रुसाचे चिन्ह वापरलेले आहे. आपल्या पाय मोडण्याच्या खुणेसारखीच ती सोय होती. त्याच लोपेझचे इलोकानो व्याकरण १६२७ चे आहे. या कामात त्याला साहाय्य करणारा अंध कवी पेद्रो बुकानेग याच्या नावावरून काव्यात्मक वादविवादाच्या प्रकाराला आजही ‘बुकानेगान’ म्हणतात. विगान शहरातील कवयित्री लिओना फ्लोरेंतिनो हिने एकोणिसाव्या शतकात इलोकानोत कविता लिहिल्या. तिचा मुलगा इसाबेलो दे लोस रेयेस याने १८८९ मध्ये ‘एल इलोकानो’ हे वृत्तपत्र काढले. १९३४ मध्ये सुरू झालेल्या ‘बान्नावाग’ या नियतकालिकाने पिढ्यानपिढ्या कथा, कादंबऱ्या आणि कविता घरोघरी पोहोचवल्या. शाळेने जे केले नाही ते इलोकानोसाठी या एका नियतकालिकाने केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

खोसाचे मुद्रण १८२३ मध्ये ट्युमे खोऱ्यात सुरू झाले. स्कॉटिश मिशनऱ्यांनी तेथे आणलेल्या छापखान्यातून पुढे लव्हडेल या मिशन-केंद्राच्या छपाईची मोठी परंपरा उभी राहिली. तियो सोगा याने १८६७ मध्ये बनियनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या इंग्रजी धार्मिक रूपककथेच्या पहिल्या भागाचा अनुवाद प्रसिद्ध केला. जॉन टेंगो जबावू याने १८८४ मध्ये ‘इम्वो झाबान्त्सुन्दू’ हे वृत्तपत्र स्थापन केले. विसाव्या शतकात मखायी आणि ए. सी. जॉर्डन यांच्यासारखे लेखक झाले आणि नोन्त्सिझी म्गक्वेथो या कवयित्रीने १९२० च्या दशकात वृत्तपत्रांतून धारदार राजकीय काव्य लिहिले. दक्षिण आफ्रिकेच्या आजच्या राष्ट्रगीताची सुरुवात ज्या शब्दांनी होते ते एनोक सोन्टोंगाचे १८९७ चे शब्द खोसाच आहेत.

या परंपरेशेजारी ठेवून पाहण्यासारखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. संपूर्ण बायबल खोसा भाषेत १८५९ मध्ये प्रसिद्ध झाले. आफ्रिकान्स भाषेत ते १९३३ मध्ये झाले. म्हणजे ग्रंथनिर्मितीच्या या एका मोजपट्टीवर खोसा आफ्रिकान्सच्या ७४ वर्षे पुढे होती. आफ्रिकान्सला तर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत स्वयंपाकघरातील अशुद्ध डच म्हणून हिणवले जात असे. १९२५ मध्ये तिला राजभाषेचा दर्जा मिळाला आणि त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत तिच्यात विद्यापीठीय गणित, वैद्यक, अभियांत्रिकी, न्यायनिवाडे आणि शब्दकोश हे सारे निर्माण झाले. हे घडले ते भाषेच्या अंगच्या एखाद्या गुणामुळे घडले नाही. सत्तेवर असलेल्या गोऱ्या समाजाने तिच्यासाठी सरकारी तिजोरी उघडली, शिक्षक प्रशिक्षित केले, परिभाषा समित्या बसवल्या, आणि त्या भाषेतून शिकलेल्याला सरकारी नोकरी मिळेल याची खात्री दिली. फिलिपिन्समध्ये १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष केझोन यांनी तागालोगला राष्ट्रभाषेचा आधार म्हणून जाहीर केले आणि १९४० पासून ती शाळांत शिकवली जाऊ लागली, तेव्हाही हेच झाले. तागालोगचे पहिले मुद्रित पुस्तक इलोकानोच्या आधी २८ वर्षे निघाले होते. एवढ्या फरकाने एक भाषा विज्ञानक्षम आणि दुसरी अक्षम ठरत नाही. विज्ञान पेलण्याची ताकद ही कोणत्याही भाषेत आधीपासून भरलेली नसते, ती वर्गात, परीक्षेत आणि पाठ्यपुस्तकात वापरून येते. ज्यांना ही संधी मिळाली त्या भाषा आज सक्षम दिसतात आणि ज्यांना नाकारली गेली त्यांना अक्षम म्हटले जाते.

दक्षिण आफ्रिकेतील प्रश्न मात्र केवळ दुर्लक्षाचा नाही, आणि येथे सरधोपट बोलणे अन्यायाचे ठरेल. तेथील काळ्या समाजाला मातृभाषेतून शिक्षण मिळाले होते, पण ते ज्यांच्याकडून आणि ज्या हेतूने मिळाले ते विसरता येण्यासारखे नाही. गोऱ्या राजवटीच्या १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने आठ वर्षांचे शिक्षण मातृभाषेतून सक्तीचे केले, आणि त्यामागील उद्देश काळ्या मुलांना मजुरीपुरते शिकवून त्यांच्या जागी ठेवणे हा होता. मातृभाषा येथे भिंत म्हणून वापरली गेली. त्याच्या पुढची पायरी म्हणून माध्यमिक वर्गांत आफ्रिकान्स लादण्याचा प्रयत्न झाला आणि १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गलगतच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यांच्यावर गोळीबार झाला. १९७९ नंतर मातृभाषेचा काळ घटवला गेला आणि शाळा इंग्रजीकडे वळल्या. या पार्श्वभूमीवर आजचा खोसा पालक इंग्रजी मागतो तेव्हा त्याला न्यूनगंड आहे असे म्हणणे उर्मटपणाचे होईल. त्याच्या आईवडिलांच्या अनुभवात मातृभाषेचे शिक्षण म्हणजे निकृष्ट शिक्षण असेच समीकरण होते. ते समीकरण मोडायचे असेल तर मातृभाषेतील शिक्षण निकृष्ट नाही हे आधी सिद्ध करून दाखवावे लागेल, आणि तो भार पालकांवर नाही, शासनावर आहे.

१९९६ च्या संविधानाने खोसासह अकरा भाषांना राजभाषेचा दर्जा दिला. २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकी खुणांची भाषा बारावी झाली. ज्या भाषांचा वापर आणि मान ऐतिहासिकदृष्ट्या घटवला गेला त्यांना वर आणण्यासाठी शासनाने प्रत्यक्ष व सकारात्मक उपाय योजले पाहिजेत, असे सहाव्या कलमात म्हटले आहे. इतका स्पष्ट आणि उदार मजकूर फार थोड्या संविधानांत आढळेल. तरीही १९९८ मध्ये ईस्टर्न केपमध्ये एका दंडाधिकाऱ्याने दुभाषी उपलब्ध नसल्यामुळे, आणि न्यायालयातील सर्वांनाच खोसा येत असल्यामुळे, संपूर्ण खटला खोसात चालवला तेव्हा ही घटना न्यायव्यवस्थेला अडचणीची वाटली. कामकाज वैध ठरले खरे, पण नोंदीसाठी एकच भाषा असावी असे मत वरिष्ठ न्यायालयाने त्याच वेळी मांडले. २०१७ मध्ये उच्च न्यायालयांच्या नोंदीची एकमेव भाषा इंग्रजी असेल असा निर्णय सरन्यायाधीशांनी जाहीर केला. याच वर्षी ऱ्होड्स विद्यापीठात त्या विद्यापीठाच्या इतिहासातील पहिला खोसात लिहिलेला पीएचडी प्रबंध स्वीकारला गेला. एकाच वर्षी एक दार उघडले आणि एक बंद झाले, आणि बंद झालेले दार सामान्य माणसाच्या रोजच्या कामाचे होते.

शाळेतील स्थिती अशी की तिसरीपर्यंत खोसातून शिकलेले मूल चौथीत गेले की एका उन्हाळ्याच्या सुटीनंतर त्याची गणिताची, विज्ञानाची आणि समाजशास्त्राची पुस्तके इंग्रजीत येत. शिक्षिका खोसातच समजावून सांगत असे, कारण दुसरा इलाज नव्हता. परंतु फळ्यावरचे, वहीतले आणि परीक्षेतले सगळे इंग्रजी. मुलाला कळते एका भाषेत आणि गुण मिळतात दुसऱ्या भाषेत. ही फारकत वर्षानुवर्षे चालू राहिली आणि तिलाच इंग्रजी माध्यम असे नाव दिले गेले. ईस्टर्न केपमधील कोफिम्वाबा भागात काही शाळांनी चौथीनंतरही गणित आणि विज्ञान खोसातून शिकवण्याचा प्रयोग राष्ट्रीय धोरणाच्या एक तप आधीच सुरू केला होता. त्या प्रयोगाचे महत्त्व असे की जे रोज वर्गात चोरून करावे लागत होते ते तेथे उघडपणे, पुस्तकासह आणि परीक्षेसह करता आले.

फिलिपिन्सचा इतिहास वेगळ्या तऱ्हेने निराशाजनक आहे, कारण तेथे हा प्रयोग दोनदा करून दोनदा सोडून देण्यात आला. अमेरिकी राजवटीने सर्व शिक्षण इंग्रजीत सुरू केले होते. १९४८ ते १९५४ या काळात इलोइलो प्रांतात होसे आगिलार यांच्या मार्गदर्शनाखाली पहिली-दुसरीच्या मुलांना हिलिगायनोन या त्यांच्या भाषेतून शिकवून पाहण्यात आले आणि ती मुले वाचन, अंकगणित आणि सामाजिक विषयांत इंग्रजीतून शिकलेल्या मुलांच्या पुढे गेल्याचे दिसले. त्यावरून १९५७ मध्ये देशभर पहिल्या दोन इयत्ता स्थानिक भाषांतून शिकवण्याचे धोरण आले. १९७४ मध्ये द्विभाषिक धोरण आले, माध्यम म्हणून पिलिपिनो (तागालोगवर आधारित राष्ट्रभाषेचे तेव्हाचे नाव) आणि इंग्रजी या दोनच भाषा ठरल्या आणि इलोकानोसह इतर भाषा ‘पूरक’ झाल्या. तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी होते थोरले फर्डिनांड मार्कोस, स्वतः इलोकानो भाषक. पुढे २००९ मध्ये शिक्षण खात्याच्या आदेशाने आणि २०१३ मध्ये कायद्याने मातृभाषा तिसरीपर्यंत परत आली. २०२४ मध्ये ती पुन्हा गेली. मातृभाषकाच्या हाती सत्ता आली की भाषेचे भले होते, ही समजूत या दोन मार्कोसांच्या कारकिर्दींनी खोटी ठरवली आहे, आणि खोसा भाषक मंडेला व म्बेकी यांच्या सलग चौदा वर्षांच्या राष्ट्राध्यक्षपदानेही चौथीतील वळण हलले नव्हते.

२०२४ च्या कायद्याच्या बाजूने दिले गेलेले कारण नीट तपासले पाहिजे. शासकीय संशोधन संस्थेच्या पाहणीत असे दिसले होते की मातृभाषा शिक्षणासाठी अपेक्षित असलेली चारही कामे, म्हणजे मोठ्या अक्षरांतील गोष्टींची पुस्तके, लेखनपद्धती, व्याकरण आणि शब्दकोश, पाहणीतील दहा टक्क्यांहूनही कमी शाळांनी पूर्ण केली होती. यावरून धोरण अपयशी ठरल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. मला यातून वेगळाच निष्कर्ष दिसतो. खेड्यातल्या प्राथमिक शाळेच्या शिक्षकाने चाळीस मुलांचा वर्ग सांभाळून आपल्या भाषेचे व्याकरण आणि कोश तयार करावा, अशी अपेक्षा कोणत्या देशात पूर्ण होईल? मराठीचे व्याकरण एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी दिवाळीच्या सुटीत लिहून काढावे असे कोणी म्हटले असते तर आपण ते ऐकून घेतले नसते. हे काम भाषामंडळांचे, विद्यापीठांचे आणि पाठ्यपुस्तक मंडळांचे आहे. त्यांनी ते केले नाही आणि शिक्षा मुलांना झाली. शिवाय तिसरीला थांबणारे धोरण मुळात तोकडेच होते. मूल वाचायला शिकते त्या टप्प्यापर्यंत मातृभाषा आणि वाचून शिकू लागते त्या टप्प्यावर परकी भाषा, अशी विभागणी केल्यावर मातृभाषेचा खरा लाभ हाती येण्याआधीच ती काढून घेतली जाते. असे धोरण निष्प्रभ दिसणारच.

विरोधकांचा याहून वजनदार मुद्दा दक्षिण आफ्रिकेतून येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वाचनक्षमतेच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१६ साली तेथील चौथीच्या ७८ टक्के मुलांना वाचलेल्या मजकुराचा अर्थ लावता आला नाही. २०२१ मध्ये हे प्रमाण ८१ टक्के झाले. आणि ही चाचणी मुलांनी ज्या भाषेत पहिली तीन वर्षे शिक्षण घेतले त्याच भाषेत, म्हणजे खोसा मुलांच्या बाबतीत खोसातच, घेतली गेली होती. मातृभाषेतही मुले वाचू शकत नाहीत तर मातृभाषेचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो.

याचे उत्तर वाचन कसे शिकवले जाते यात आहे. खोसा लिहिताना कर्ता, काळ, कर्म आणि धातू हे सगळे एकाच शब्दात जोडले जातात. ‘मी त्यांच्यावर प्रेम करतो’ हे सारे ‘न्दियाबाथान्दा’ या एका शब्दात येते. असे लांबलचक शब्द वाचण्यासाठी मुलाला शब्दाचे घटक ओळखण्याचा सराव लागतो, आणि वाचनाची गती मोजण्याचे निकषही वेगळे लागतात. शिक्षकांना मात्र बहुधा इंग्रजीसाठी तयार झालेल्या पद्धतींचे प्रशिक्षण मिळाले, ज्यात छोटे शब्द डोळ्यांनी ओळखण्यावर भर असतो. खोसात त्या पद्धतीचा उपयोग होत नाही. न्गुनी भाषांसाठी वाचनाचे स्वतंत्र निकष तयार करण्याचे काम अगदी अलीकडे झाले. शब्दांना प्रत्यय जोडत जाणाऱ्या मराठीच्या वाचकाला ही अडचण सहज समजेल. त्यात भर म्हणून मुलांच्या हाती पुस्तके नाहीत. गोरगरिबांच्या शाळांत वाचनालय नसते आणि खोसातील बालसाहित्य छापले जाते ते शाळाखात्याच्या खरेदीवर अवलंबून. म्हणजे मातृभाषा पुरेशी नाही हे खरे; प्रशिक्षित शिक्षक आणि भरपूर पुस्तके यांच्याविना ती काहीच करू शकत नाही. परंतु ज्या मुलाला स्वतःच्या भाषेत वाचता आले नाही ते चौथीत अचानक इंग्रजीत वाचू लागेल, हे या आकड्यांवरून कसे सिद्ध होते, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

मिश्र वर्गांचा प्रश्न उरतो आणि तो खरोखर अवघड आहे. केप टाउनच्या वस्त्यांत किंवा मनिलाच्या उपनगरांत एका वर्गात चार घरच्या भाषा असतात. कोर्दिलेरामध्ये तर इलोकानो हीच वरचढ भाषा आहे. कांकानाएय किंवा इबालोय बोलणाऱ्या मुलाला ‘मातृभाषा’ म्हणून इलोकानो शिकवली गेली तर त्याच्यावर तोच अन्याय होतो जो इलोकानो मुलावर तागालोगने केला. कागायान खोऱ्यातील इबानाग आणि गाद्दांग भाषक इलोकानोकडे सरकत आहेत. खोसाने ज्यांच्याकडून आपले चटकारे घेतले त्या खोई भाषा तिच्या मुलखातून नाहीशा झाल्या आहेत आणि म्पोन्डो लोकांच्या बोलीला आजही स्वतंत्र स्थान नाही. मधल्या आकाराच्या भाषांची ही दुहेरी जबाबदारी असते. वरच्या भाषेकडे न्याय मागताना त्यांनी खालच्या भाषेला तो दिला पाहिजे, आणि इलोकानो चळवळीतील लेखकांनी हे अधिक स्पष्टपणे बोलावे अशी माझी अपेक्षा आहे.

घरी दुय्यम असलेली इलोकानो बाहेर मात्र वेगळ्या मानाने वावरते. १९०६ मध्ये उसाच्या मळ्यांवर पहिले पंधरा फिलिपिनो मजूर हवाईत पोहोचले आणि त्यांच्या मागून आलेल्यांत इलोकानो बहुसंख्य होते. आज हवाई विद्यापीठात इलोकानो शिकवली जाते, तिच्यात विशेष अध्ययन करून पदवी घेता येते, आणि होनोलुलूत मतदारांना इलोकानोतून मतपत्रिका मिळते. मजुरांच्या वंशजांनी ही व्यवस्था मागून घेतली. भाषा पेलू शकत नाही म्हणणाऱ्यांनी निदान याचा विचार करावा.

फिलिपिन्सच्या कायद्याच्या बरोबर एक आठवडा आधी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या आनंदात मीही सहभागी होतो. पण २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून जो वाद झाला आणि जूनअखेर शासननिर्णय मागे घ्यावा लागला, त्या सगळ्या गदारोळात अकरावीपासून विज्ञान मराठीतून का मिळत नाही हा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला. खोसाच्या अनुभवावरून तो आधी विचारायला हवा होता.

आता पुढे काय करता येईल ते नेमके सांगता येते. २०२४ च्या फिलिपिनी कायद्यात एक फट शिल्लक आहे : वर्गातील सर्व मुलांची मातृभाषा एकच असेल तर तेथे त्या भाषेतून शिकवण्याची मुभा आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त लेखनपद्धती, प्रकाशित शब्दसंग्रह, भाषा-संस्कृतीविषयक वाचनसाहित्य, व्याकरणाचे पुस्तक आणि ती भाषा जाणणारे प्रशिक्षित शिक्षक या अटी आहेत. यांपैकी व्याकरण आणि वाचनसाहित्य इलोकानोकडे पिढ्यानपिढ्या आहे, आणि उरलेल्या अटी प्रांतांनी मनावर घेतल्या तर एक-दोन वर्षांत पुऱ्या होतील. ला युनियन प्रांताने २०१२ मध्ये इलोकानोला प्रांताची अधिकृत भाषा म्हणून जाहीर केले होते; त्या ठरावाचा पहिला खरा उपयोग आता आहे. ला युनियन, इलोकोस सुर आणि इलोकोस नोर्ते या तीन प्रांतांतील एकभाषिक वर्गांची यादी करून, शिक्षकांचे प्रशिक्षण प्रांताच्या खर्चाने लावून, ही मुभा वापरण्यास सुरुवात करावी आणि ती मुभा तिसरीच्या पुढे वाढवून मागावी.

दक्षिण आफ्रिकेत करायचे काम वेगळे आहे. तेथे बारावीच्या अंतिम परीक्षेत विषयांच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि आफ्रिकान्स या दोनच भाषांत निघत आल्या आहेत, आणि पालक सगळे हिशेब तेथून उलटे मांडतात. २०२५ मध्ये चौथीत बसलेले मूल वेळेवर वर गेले तर २०३३ मध्ये बारावीच्या परीक्षेला बसेल. त्या वर्षीची गणिताची आणि भौतिक विज्ञानाची प्रश्नपत्रिका इंग्रजीच्या शेजारी खोसातही छापलेली असेल आणि उत्तरे कोणत्याही भाषेत लिहिता येतील, याची लेखी हमी पालकांच्या हाती पडली पाहिजे. ती जितकी लांबेल तितक्या जानेवारींत ईस्टर्न केपमधील पालक आपल्या मुलांसाठी पहिलीपासून इंग्रजी शाळा शोधत राहतील.